दुर्मिळ स्कोअर शोधायचा कसा: मडगावच्या ट्रायोसाठी सविस्तर उत्तर

मडगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पियानो, फ्लूट आणि चेलो वाजवणारा तिघांचा एक गट आहे. मोझार्ट-बीथोवनपलीकडचं काहीतरी वाजवावं म्हणून त्यांनी लुईझ फारांक या फ्रेंच संगीतकर्तीचा ट्रायो निवडला. रेकॉर्डिंग मिळालं, पण नोटेशन मिळेना. पियानो वाजवणाऱ्या बाईंना शिवाय पोर्तुगीज संगीतकार ज्युआंव दोमिंगुश बोम्तेंपू यांच्या सोनाटा हव्या आहेत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे चेलोवादकाच्या आजोळी, लोटलीला, हाताने लिहिलेल्या मोतेतांचं, म्हणजे चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनागीतांचं, एक बाड निघालंय. त्याचा कर्ता कोण, ते कसं ओळखायचं?

तिन्ही ठिकाणी अडलंय ते एकाच जागी. नक्की काय शोधताय, ते अजून पक्कं झालेलं नाही. कागद समूळ नाहीसे होतात ते क्वचितच. झाले तर मात्र भयंकर होतात. पोर्तुगालचा राजा चौथा ज्युआंव याच्या संगीतग्रंथालयाची यादी १६४९ मध्ये छापली गेली. ते ग्रंथालय १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात गेलं. आज यादीचा पहिला भाग आहे, संगीत नाही. पण फारांक किंवा बोम्तेंपू यांची गत तशी नाही. त्यांचे कागद नीट कपाटात आहेत, फक्त तुम्ही ज्या नावाने हाक मारताय त्या नावाने ते ओ देत नाहीत.

फारांकपासून सुरू करू. तिचे पियानोसह ट्रायो चार आहेत: ऑपस, म्हणजे कृतिक्रमांक, ३३, ३४, ४४ आणि ४५. त्यांतले ३३ आणि ४४ दोन्ही ई-फ्लॅट मेजरमध्ये आहेत. त्यामुळे ‘फारांकचा ई-फ्लॅट ट्रायो’ एवढंच लिहून शोधणारा माणूस निम्म्या वेळा चुकीच्या दारात उभा राहतो. ऑपस ४४ क्लॅरिनेट, चेलो आणि पियानोसाठी आहे, ऑपस ४५ फ्लूट, चेलो आणि पियानोसाठी, ई मायनरमध्ये. तुमचा तो ४५. शोधताना संगीतकर्तीचं पूर्ण नाव, ऑपस आणि स्वरपट्टी या तिन्ही गोष्टी एकत्र द्या. ‘फ्लूट ट्रायो पीडीएफ’ असं लिहिलं की पहिल्या पानावर पुनर्मुद्रण विकणारी दुकानंच येतात. त्यांतली बरीचशी फुकट उपलब्ध असलेलं स्कॅनच छापून विकतात, तेही कधीकधी पानं कापून. माझं मत विचाराल तर त्यांना एक रुपयाही देऊ नका.

स्वरपट्टीची नावं भाषेगणिक बदलतात, हे कॅटलॉग चाळताना डोक्यात ठेवा. फ्रेंच आणि पोर्तुगीज याद्या दो-रे-मी मध्ये बोलतात. ई मायनर तिथे ‘मी मिनर’ किंवा ‘मी मेनोर’ होतो. साष्टीतल्या, म्हणजे तुमच्याच तालुक्यातल्या, जुन्या वादकांना याचं काही वाटत नाही, ते दो-रे-मीवरच वाढलेत. खरा फास जर्मन यादीत आहे. तिथे ‘बी’ म्हणजे आपला बी-फ्लॅट, आणि आपल्या साध्या बी ला ते ‘एच’ म्हणतात. ‘बी-डूर’ पाहून बी मेजर समजलात तर भलतंच काम मागवाल.

ऑपस ४५ आयएमएसएलपीवर आहे. ही मुक्त स्वरलिपी-साठवण २००६ मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये एका प्रकाशकाच्या कायदेशीर नोटिशीमुळे बंद पडली आणि २००८ मध्ये पुन्हा उघडली. तिथल्या पानावर एकाच कृतीच्या दोन-तीन फाइली दिसतात. जुन्या छापील प्रतीचं स्कॅन वेगळं आणि कुणीतरी अलीकडे संगणकावर बसवलेली प्रत वेगळी. दुसरी वाचायला छान असते, पण चुका तिच्यातच जास्त. तालमीला स्वच्छ प्रत वापरा आणि शंका आली की जुनं स्कॅन उघडा. नव्या संपादित आवृत्तीचा खर्च परवडत असेल तर तीच घ्या. फारांकच्या कृतींची चिकित्सक आवृत्ती फ्राया होफमान आणि क्रिस्टिन हाइटमान यांनी संपादित केली, ती विल्हेल्म्सहाफेनच्या फ्लोरिआन न्योट्सेल प्रकाशनाने काढली. फारांकच्या तिन्ही सिंफनी तिच्या हयातीत छापल्याच गेल्या नव्हत्या. त्या आज वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांत ऐकू येतात, त्यामागे असे संपादक आहेत.

गंमत म्हणजे फारांक स्वतः याच धंद्यातली होती. नवरा आरिस्टीड याच्याबरोबर तिने जुन्या, विस्मरणात गेलेल्या कीबोर्ड-कृती शोधून ‘ल त्रेझोर दे पियानिस्त’ ही मोठी मालिका काढली. १८६१ ते १८७४ या काळात तिचे २३ खंड निघाले. नवरा १८६५ मध्ये वारला, पुढचं काम तिने एकटीने ओढलं.

आयएमएसएलपीवर नसेल तर काय, हा खरा प्रश्न. इथे आधी काळ बघायचा. १६०० ते साधारण १८५० च्या दरम्यानचं हस्तलिखित असेल किंवा १८०० पूर्वीची छापील प्रत असेल, तर रिझम. १९५२ मध्ये पॅरिसला स्थापन झालेला हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प जगभरच्या ग्रंथालयांतल्या संगीतस्रोतांची नोंद ठेवतो आणि त्याचा कॅटलॉग फुकट खुला आहे. नोंदीत ग्रंथालयाचं लघुनाम, कपाटक्रमांक आणि बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही मात्रांची चाल, म्हणजे इन्सिपिट, दिलेली असते. या इन्सिपिटने उलटा शोधही घेता येतो. पहिले आठ-दहा स्वर टाकायचे, ताल सोडून दिला तरी चालतं. नाव नसलेल्या कागदासाठी याहून चांगलं हत्यार नाही.

१८०० नंतरच्या छापील संगीतासाठी मात्र रिझमवर डोकं आपटू नका. तिथे लाइपझिगच्या होफमाइस्टर प्रकाशनाच्या मासिक याद्या कामाला येतात. १८२९ पासूनच्या या याद्यांत नव्याने छापलेलं संगीत महिन्यागणिक नोंदलेलं आहे आणि एकोणिसाव्या शतकातल्या याद्या ऑनलाइन शोधता येतात. तारीख कळण्यासाठी त्यांचं महत्त्व फार, कारण त्या काळच्या बहुतेक स्वरलिपींवर सालच छापत नसत. पानाच्या तळाशी एक बारीक आकडा असतो, तो प्लेट नंबर. एकाच प्रकाशकाचे प्लेट नंबर क्रमाने लावले की वर्षाचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर कार्ल्सरूहचा केव्हीके नावाचा शोध, जो एका फटक्यात अनेक देशांचे ग्रंथालय-कॅटलॉग चाळतो, आणि वर्ल्डकॅट हा जगभरच्या ग्रंथालयांचा एकत्रित कॅटलॉग.

बोम्तेंपूच्या बाबतीत लोक हटकून लिस्बनला जातात. पोर्तुगालच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल विभाग जरूर बघा, तो चांगला आहे. गुल्बेंकियन फाउंडेशनने ‘पोर्तुगालिये म्युझिका’ या मालिकेत जुने पोर्तुगीज संगीतकार छापलेत, तेही पाहा. पण माणूस जन्माला कुठे आला यापेक्षा त्याचं संगीत छापलं कुठे, याला जास्त किंमत. बोम्तेंपू १७७५ मध्ये लिस्बनला जन्मले खरे, पण १८०१ मध्ये पॅरिसला गेले आणि १८१० मध्ये लंडनला. तिथे क्लेमेंटीच्या पेढीने त्यांच्या कृती छापल्या. त्यामुळे ब्रिटिश लायब्ररीच्या कॅटलॉगात आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संग्रहात शोधल्याशिवाय हात टेकायचे नाहीत. आडनाव ‘एम’ने आणि ‘एन’ने, दोन्ही प्रकारे लिहिलेलं सापडतं. दोन्ही टाका. नाव ‘ज्युआंव’ऐवजी फ्रेंच-इंग्रजी रूपातही असू शकतं.

चुकीच्या नावाखाली पडलेल्या संगीताचं सगळ्यात बोलकं उदाहरण फानी हेन्सेल हिचं. भाऊ फेलिक्स मेंडेल्सझोनच्या ऑपस ८ आणि ९ या गीतसंग्रहांत तिची प्रत्येकी तीन गाणी त्याच्या नावावर छापली गेली. तिची ‘ईस्टर सोनाटा’ पॅरिसमध्ये १९७० मध्ये मिळाली तेव्हा तीही फेलिक्सची समजली गेली. पुढे अँजेला मेस या संशोधक-पियानोवादिकेने मूळ हस्तलिखित तपासून ती फानीची असल्याचं दाखवलं. म्हणून एखाद्या बाईचं संगीत शोधताना माहेरचं नाव, सासरचं नाव, नुसतं आद्याक्षर, ‘मादाम अमुक’ आणि घरातल्या पुरुषांची नावं, सगळं चाळायचं. रिबेका क्लार्कने तर एक रचना ‘अँथनी ट्रेंट’ या पुरुषी टोपणनावाने सादर केली होती.

नोंद सापडली पण स्कॅन नाही, अशी वेळ येतेच. मग सरळ ग्रंथालयाला ईमेल. लोक इथे बिचकतात, आपल्यासारख्यांना कोण उत्तर देणार म्हणून. संगीत-ग्रंथपाल ही जमात फार मदत करणारी आहे, अट एवढीच की तुम्ही त्यांचं काम त्यांच्यावर ढकलायचं नाही. ‘फारांकचं काय आहे तुमच्याकडे?’ अशा पत्राला उत्तर येत नाही. संगीतकार, कृती, कपाटक्रमांक, रिझमचा नोंदक्रमांक, कोणती पानं, स्कॅन वाजवण्यासाठी हवं की छापण्यासाठी, एवढं पाच-सहा ओळींत लिहा. साध्या इंग्रजीत चालतं. पहिल्या ओळीत त्यांच्या भाषेतला नमस्कार घातलात तर बरं. पैसे भरण्याची पद्धत आधीच विचारा. परदेशी बँकेत रक्कम पाठवण्याचा खर्च कधीकधी स्कॅनच्या किमतीपेक्षा जास्त पडतो. कार्ड घेत असतील तर प्रश्न मिटला, नसतील तर दोन-तीन कृती एकदम मागवा.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत गोष्ट थोडी वेगळी. तिथे संगीतकाराच्या कागदपत्रांची खोक्यानिशी यादी असते आणि ती ऑनलाइन वाचता येते. फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतकर्तीचे कागद २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावच्या एका मोडकळीला आलेल्या घरात मिळाले. तिचे दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो त्यात होते. ते कागद आता आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. अशा संग्रहात शोधयंत्राने नाव टाकून काही हाती लागत नाही. यादी वरपासून खालपर्यंत वाचावी लागते.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो. जुनं चेंबर संगीत पुष्कळदा फक्त सुट्या पार्टमध्ये छापलेलं असतं. प्रत्येक वादकाचं पान वेगळं, सगळ्यांचं एकत्र दाखवणारा स्कोअर नाहीच. क्वार्टेटच्या बाबतीत तर हे नेहमीचंच. एखादा पार्ट हरवला असेल तर तो दुसऱ्या ग्रंथालयातल्या प्रतीतून मिळतो, म्हणून ‘अपूर्ण’ असा शेरा पाहून निराश होऊ नका, बाकीच्या प्रतींचे कपाटक्रमांक उतरवून घ्या. पार्टवरून स्कोअर स्वतःच बसवायचा. म्यूझस्कोअर हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. ते करताना मात्रा जुळेनाशा झाल्या की समजायचं, मूळ छपाईत विराम गाळलाय.

आता लोटलीचं बाड. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटला. फारांक आज ना उद्या कुणीही डाउनलोड करील, हे कागद मात्र एकदा कसर लागली की गेले. लोटली म्हटल्यावर गावातला कोणीतरी लगेच ‘तोर्कात द फिगेरेद यांचंच असणार’ म्हणेल. ‘आदेऊस’चा मांडो, म्हणजे ते कोकणी गीत, त्यांचा, गाव लोटली, त्यामुळे मोह होणारच. तो आवरा.

आपल्या बंदिशीत कर्त्याची मुद्रा असते. ‘सदारंग’ आलं की कळतं, भातखंड्यांच्या रचनेत ‘चतुर’ येतं. मोतेतात तशी सोय नाही, शब्द लॅटिन प्रार्थनेचे. त्यामुळे कागदावरचं नाव हे एकमेव आमिष उरतं आणि ते बहुधा फसवं असतं. शेवटच्या पानावर सही आणि तारीख असेल तर ती नकलकाराची असण्याचा संभव अधिक. पहिल्या पानावर ‘पेर्तेन्से आ’ असं लिहून पुढे नाव असेल तर त्याचा अर्थ ‘हे अमक्याच्या मालकीचं’ एवढाच. ‘कोपिया’ दिसलं तर नक्कल. ‘पोर’ असं लिहून पुढे नाव असेल, तर कर्ता म्हणून त्याचा विचार करायला हरकत नाही, तोही पुरावा म्हणून नव्हे. गोव्यातल्या पॅरिश स्कूलच्या, म्हणजे चर्चच्या शाळेतल्या, मेस्त्रींनी (संगीतशिक्षकांनी) पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकला केल्या. इटालियन, पोर्तुगीज आणि गावठी रचना एकाच वहीत शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

पहिलं काम म्हणजे काहीही न हलवता फोटो. पेटाऱ्यात कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, कोरी पानंसुद्धा, उलट-सुलट दोन्ही बाजू. खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश न मारता, फोन पानाच्या बरोबर वर धरून. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही. पावसाळ्यानंतर लोक कागद उन्हात वाळवतात, तेही नको. जुनी काळी शाई लोखंडयुक्त असेल तर ती कागद आतून खाते, आणि ऊन लागलेला कागद घडीवर तुटतो. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, हवा खेळेल अशा कपाटात ठेवा.

मग वाचन. आधी प्रत्येक रचनेचे पहिले लॅटिन शब्द आणि वरच्या आवाजाचे पहिले स्वर एका तक्त्यात उतरवा. करेजमाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत गायली जाणारी ‘पोपुले मेउस’, ‘ओ वोस ओम्नेस’ अशी पदं शेकडो संगीतकारांनी बांधली आहेत, म्हणून नुसत्या शब्दांवर भरवसा ठेवता येत नाही. चाल हवीच. ती रिझममध्ये टाकून बघा. जुळली तर युरोपातली रचना, आणि तुमचं कोडं सुटलं. नाही जुळली म्हणजे गोमंतकीय रचनाच, असं मात्र होत नाही. रिझममध्ये सगळं जग नाही. कोणती वाद्यं आहेत, तेही लिहून ठेवा. दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि राबेकांव (मोठं खर्जाचं तंतुवाद्य) असा संच दिसला तर रचना निदान इथे वाजवण्यासाठी बसवलेली आहे, असं म्हणता येईल. कागद उजेडाकडे धरला की जलचिन्ह दिसतं, छापील ओळींच्या कागदावर कोपऱ्यात कारखान्याचं नाव असतं. त्यावरून नक्कल कितव्या दशकातली, एवढं तरी कळतं.

कर्त्याचा माग गोव्यातल्या कागदांत काढायचा असेल तर पणजीला पाट्टोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात पोर्तुगीज अमदानीतली वर्तमानपत्रं आहेत. फेस्तांच्या (चर्चच्या सणांच्या) आणि मैफलींच्या बातम्यांत वाजवणाऱ्या मेस्त्रींची नावं आढळू शकतात. पुराभिलेख खातं, पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि राशोलच्या सेमिनरीचं ग्रंथालय ही पुढची ठिकाणं. गावच्या चर्चमध्ये कोन्फ्रारियाच्या, म्हणजे चर्चच्या भक्तमंडळाच्या, हिशोबवह्या असतील तर पाद्रींना विनंती करून त्या बघा. कुणाला वाजवण्याचे पैसे दिले, ही नोंद सहीपेक्षा भरवशाची. कांपालच्या कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात जुन्या शिक्षकांशी बोला, मांडोंच्या बाबतीत जोजे परेरा आणि मिकाएल मार्टिन्स यांनी जमवलेली गाणी चाळा. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, घरोघरी पेटी आणि तबला, त्यामुळे असली बाडं आमच्याकडे निघत नाहीत. साष्टीत आणि बार्देशात अजून निघतात.

बाड कुणालाही ‘अभ्यासाला’ घरी नेऊ देऊ नका, मलाही नाही. फोटो द्या. घरच्यांची लेखी परवानगी घ्या आणि डिजिटल प्रत निदान दोन ठिकाणी ठेवा, त्यांतलं एक सार्वजनिक ग्रंथालय असावं.

हक्कांविषयी थोडक्यात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, युरोपात ७०. बोम्तेंपू १८४२ मध्ये, फारांक १८७५ मध्ये गेले, तिथे काळजी नाही. पण नव्या संपादित आवृत्तीची झेरॉक्स मारू नका, संपादकाचं काम ते वेगळं. १९७९ मध्ये निवर्तलेल्या क्लार्कची रचना भारतात २०३९ अखेरपर्यंत हक्कात आहे. मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या संगीताला आपल्या कायद्यात प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात. म्हणून प्राइससारख्या उशिरा सापडलेल्या कृतींना नुसतं मृत्यूचं साल बघून हात घालू नका. लोटलीच्या मोतेतांनाही हाच नियम लागू होऊ शकतो, छापण्याआधी जाणकाराला विचारा.

तुमच्या ऑपस ४५ कडे परत येतो. जुन्या फ्रेंच छपाईचं पान आजच्या ए-फोरपेक्षा मोठं असे. स्कॅन तसंच ए-फोरवर काढलंत तर पियानोच्या पार्टमधले बारीक स्वर चष्मा लावूनही दिसणार नाहीत. झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर काढून घ्या. चेलो आणि फ्लूटचे पार्ट ए-फोरवर चालतील. पान उलटायची जागा मोकळ्या विरामावर येते का तेवढं पाहा, नसेल येत तर पुढच्या पानाच्या पहिल्या दोन ओळी कापून खाली चिकटवा. पियानोचं पान उलटायला मात्र एक विद्यार्थी बसवावाच लागेल.